पक्षाचा विनय

रिपब्लिकन पक्ष 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपूरला स्थापन झाला. बाबासाहेबांना अभिप्रेत होता तो केवळ बौद्धांचा नव्हे, सर्व वंचितांचा पक्ष. काही वर्षांतच दादासाहेब गायकवाड व बी. सी. कांबळे यांचे गट वेगळे झाले. आपण नाशिककर सहसा दादासाहेबांची बाजू घेतो. पण खरा प्रश्न निराळा आहे: मतदानात हरलेल्याने काय करावे?

25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी घटना समितीला सांगितले की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम भिक्षुसंघाजवळ होते. विनयात मते शलाकांनी मोजली जात. हरलेला भिक्षू पुढच्या उपोसथाला त्याच संघात बसे. प्रामाणिक मतभेद हा दोष नव्हता. जाणूनबुजून केलेला संघभेद मात्र महापातक.

ही शिस्त पक्षाने घ्यावी. त्रिशरण मात्र सभासदत्वाची अट करू नये. मातंग, मराठा, मुसलमान भूमिहीन मग कोणत्या दाराने आत येईल? त्याला सभासदांची वही, वेळेवर निवडणूक आणि सभेत वाचलेला जमाखर्च पुरे.

आणि पक्षाच्या बैठका विहारात नकोत. तिथे ज्याचा गट हरतो, त्याची बायकामुले पुढच्या पौर्णिमेला वंदनेलाही येत नाहीत.