अनंतगिरीचे तीर्थ



तीर्थयात्रेची गोष्ट निघाली की आमच्या मंडळातील वडीलधाऱ्यांच्या ओठी प्रथम मानससरोवराचे नाव येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५९० मीटर उंचीवरील त्या सरोवराचे आणि शेजारच्या कैलासाचे दर्शन एकदा घडावे, ही आस कित्येकांनी आयुष्यभर उराशी धरली आहे. २०२० पासून खंडित झालेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा ती आस पुन्हा जागी झाली. परंतु शरीराचे बळ, गाठीचे द्रव्य आणि संसाराची बंधने यांचा हिशेब मांडला म्हणजे बहुतेकांच्या मुखातून एकच उद्गार निघतो, "आता या जन्मी ते घडणे नाही."

या निःश्वासाला काही उत्तर द्यावे अशा विचाराने कार्तिकातील एका रविवारी आम्ही सर्व कुटुंबे मिळून अनंतगिरीस जाऊन आलो. त्या एका दिवसाने जे शिकविले ते मंडळाच्या सर्व घरांपर्यंत पोचावे, एवढ्याचसाठी हे निरूपण.

नल्लकुंट्याहून अनंतगिरी सुमारे ८० ते ९० किलोमीटर. पहाटेच्या अंधारात बस निघाली. मेहदीपट्टणम्, लंगरहौज मागे पडले. उजवीकडे उस्मानसागर आणि डावीकडे हिमायतसागर ठेवून मोईनाबादचा रस्ता लागला आणि चेवेळ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी जुन्या वडांची कमान सुरू झाली. पारंब्या जमिनीस टेकलेले शेकडो वटवृक्ष तेथे वाटसरूंवर छाया धरून उभे आहेत. रस्ता रुंद करण्यासाठी ते तोडावेत की राखावेत, हा वाद अलीकडे वर्षानुवर्षे चालला. ज्यांच्या घरी वटसावित्रीचे व्रत आहे अशा आमच्या भगिनींनी बसमधूनच हात जोडले. विकाराबाद ओलांडल्यावर मात्र भूमीचे रूप पालटते. रस्ता वळणे घेत दाट रानात शिरतो, चढ लागतो, हवेत गारवा येतो आणि मुले खिडक्यांशी गर्दी करतात. हिमालयाच्या मानाने हा डोंगर म्हणजे लहानसा उंचवटाच. तरीही प्रत्येक वळणावर मन आपोआप घरची चिंता थोडी थोडी खाली ठेवीत जाते, हा अनुभव सर्वांनाच आला.

माथ्यावर श्रीअनंतपद्मनाभाचे मंदिर आहे, आणि तेथील पवित्र जलास भवनाशिनी असे नाव आहे. या स्थानाची कथा अशी सांगतात, की मार्कंडेय ऋषी येथे तप करीत असता नित्य पहाटे गुहेच्या मार्गाने काशीस जाऊन गंगास्नान करीत. एका द्वादशीस वेळ टळली आणि काशीस जाणे घडेना. ऋषी खिन्न झाले, तेव्हा भगवंतांनी गंगाच येथे आणून दिली.

ही कथा ऐकून आमच्यातील एका वृद्ध आजींचे डोळे भरून आले. गेली कित्येक वर्षे मानससरोवराचा ध्यास घेतलेल्या याच त्या आजी. त्या एवढेच म्हणाल्या, "ज्याला जाता येत नाही त्याच्याकडे देव पाणी पाठवतो म्हणायचा." त्यांनी घरून आणलेला तांब्याचा गडू भवनाशिनीच्या जलाने भरला, त्याचे तोंड स्वच्छ फडक्याने बांधले आणि परतीच्या प्रवासात तो क्षणभरही मांडीवरून खाली ठेवला नाही. ते जल त्यांना देवघरात न्यावयाचे होते.

या डोंगराची दुसरी कथा मुचकुंद राजर्षीची. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात ५१ व्या अध्यायात ती सविस्तर आली आहे. मांधात्याचा हा पुत्र देवांच्या रक्षणार्थ दीर्घकाळ असुरांशी झुंजला. कार्तिकेय सेनापती झाल्यावर देवांनी त्याला निरोप दिला, तेव्हा त्याने मागितली ती केवळ निद्रा. आणि जो ती मोडील तो भस्म होईल, असे त्यास अभय मिळाले. पुढे श्रीकृष्णांनी कालयवनास आपल्या मागे धाववीत त्या गुहेत आणले. कालयवनाने निजलेल्या मुचकुंदास कृष्ण समजून लाथ मारली आणि त्याच्या पहिल्या दृष्टिपातातच तो जळून गेला. येथील लोकांची श्रद्धा अशी, की ती गुहा याच अनंतगिरीत होती. जागा झालेल्या मुचकुंदाने भगवंतांचे चरण धुतले, ते चरणतीर्थ डोंगर उतरून वाहू लागले आणि मुचकुंदा या नावाची नदी झाले. तीच आपल्या हैदराबादेची मुसी.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबावे. मंदिरात पूजा आटोपल्यावर पुजारी पळीने तीर्थ देतात, तेव्हा आपण काय करतो? उजव्या हाताची ओंजळ करतो, खाली पदर अगर उपरणे धरतो, आणि एक थेंबही भूमीवर पडू नये म्हणून जपतो. चुकून पडलाच तर मन चुटपुटते. लहान मुलासही आपण प्रथम हेच शिकवितो. मग ज्या नदीचा उगमच भगवंतांचे चरण धुण्यातून झाला असे आपण मानतो, तिच्याशी आपले वर्तन कसे असावे?

या प्रश्नाचे उत्तर परतीच्या वाटेवर आम्हाला द्यावे लागले, आणि ते देताना आमची मान खाली गेली.

आठवडाभराचे निर्माल्य एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून लंगरहौजजवळच्या पुलावरून मुसीत सोडावे, असा आमचा नेहमीचा परिपाठ. पहाटेच्या अंधारात व घाईत ते राहून गेले आणि पिशवी दिवसभर बसमध्येच पडून राहिली. सायंकाळी बस पुलाशी आली तेव्हा आम्ही चालकास थांबावयास सांगितले आणि पिशवी घेऊन उठलो. खालून नदीचा वास येत होता. खिडक्या भराभर बंद होत होत्या. तेवढ्यात मांडीवर गडू घेऊन बसलेल्या त्या आजींनी विचारले, "काय हो, हीच का ती सकाळची नदी?"

आम्ही म्हणालो, "होय, आजी, हीच."

त्यांनी एकदा गडूकडे पाहिले, एकदा आमच्या हातातील पिशवीकडे पाहिले, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्यापुढे आमचे सारे निरूपण फिके पडले. जे पाणी देवघरात ठेवण्यासाठी त्या इतक्या जपून नेत होत्या, त्याच पाण्यात आम्ही पिशवी फेकणार होतो. आणि यापूर्वी किती वेळा फेकली होती याची मोजदादही आम्हापाशी नव्हती. आम्ही खाली बसलो. पिशवी मंदिरात परत आली.

त्याच परिसरात बापूघाट आहे. मुसी आणि ईसी यांच्या संगमावर १९४८ मध्ये महात्माजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. पुण्यपुरुषाची रक्षा जेथे सोडावी असे त्या पिढीस वाटले, ते जल त्यांना निश्चितच पवित्र वाटले असले पाहिजे. याच नदीने २८ सप्टेंबर १९०८ रोजी रुद्ररूप धारण करून हजारो जीवांचा ग्रास घेतला. पुढे १९०९ मध्ये निजाम सरकारने ज्यांना सल्ल्यासाठी बोलाविले ते मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या पुण्यात शिकलेले व मुंबई इलाख्यात नोकरी केलेले. पुणेकरांना ते खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे परिचित. त्यांच्या योजनेतून पूर आवरण्यासाठी १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ मध्ये ईसीवर हिमायतसागर उभा राहिला. म्हणजे ज्या नदीने शिक्षा केली तिनेच पुढे शहराची तहान भागविली. आईचा कोप आणि आईचे वात्सल्य हे एकाच हृदयातून येते, त्याचेच हे उदाहरण होय.

आणखी एक गोष्ट मराठी घरांनी विशेष ध्यानी घ्यावी. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज कृष्णाकाठचे. कृष्णामाई महाबळेश्वरास उगम पावते. तेथील पंचगंगेच्या मंदिरातील गोमुखाचे तीर्थ आपल्या आजी-पणजींनी असेच गडूत भरून आणले असेल. आज नागार्जुनसागरातून कृष्णेचे जल नळांनी हैदराबादेत येते; पूर्वजांची नदी आपल्या घरी येते. स्वयंपाक, स्नान, पूजा आटोपून तेच जल सांडपाणी होऊन मुसीकडे जाते, आणि मुसी पुढे वाडपल्लीजवळ कृष्णेस मिळते. माहेराहून भरल्या ओटीने आलेली लेक मळक्या वस्त्रांनी आईकडे परत धाडावी, तसे हे झाले. कोणत्या घरची ही रीत?

आपल्या वस्तीच्या नावातच जल आहे. तेलुगूत कुंटा म्हणजे तळे. नल्लकुंटा, काळे तळे, हे नाव आपण रोज उच्चारतो. तळे मात्र कोणी दाखवू शकत नाही. हुसेनसागराचे जादा पाणी वाहून नेणारा नाला आपल्या वस्तीजवळून मुसीकडे जातो, तो मात्र सर्वांस ठाऊक आहे, कारण पावसाळ्यात तो घरात शिरतो. तरीही निराश होण्याचे कारण नाही. जवळच्याच अंबरपेठेतील बतुकम्मा कुंटा २०२५ मध्ये उकरून पुन्हा जलाने भरण्यात आला. बुजलेले तळे जेथे जागे होते तेथे बुजलेले मनही जागे होऊ शकते.

कोणी म्हणेल, "नदी तर गटारांनी आणि कारखान्यांनी कधीच नासली. आमच्या एका पिशवीने काय बिघडते?" हा प्रश्न आम्हीही स्वतःस विचारला आणि त्याचे उत्तर मुचकुंदाच्या कथेतच सापडले. प्रत्यक्ष भगवंत समोर उभे राहून वर माग म्हणाले, तरी त्या राजाने राज्य मागितले नाही, भोग मागितले नाहीत; केवळ चरणसेवा मागितली. भगवंत प्रसन्न झाले. पण पुढे काय म्हणाले ते आपण विसरतो. ते म्हणाले, की मृगया इत्यादींत तुझ्या हातून जीवहत्या झाली आहे, तिचे पाप तू तपाने धुऊन टाक. दर्शन झाले म्हणून कर्तव्य सुटले नाही. आणि भगवंतांनी त्याला साऱ्या जगाच्या हिंसेचा जाब विचारला नाही. त्याच्या स्वतःच्या हातून घडले तेवढेच धुवावयास सांगितले. इतरांनी काय केले याचा हिशेब इतर देतील. आमच्या हातातील पिशवीचा हिशेब आम्हालाच द्यावयाचा आहे.

दुसरे कोणी म्हणेल, "निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडावे ही तर पूर्वापार चाल." खरे आहे. परंतु ती चाल घालणाऱ्यांच्या निर्माल्यात फुले, तुळस आणि बेल होता. तो पाण्यात विरे व मातीस मिळे. प्लास्टिकची पिशवी आणि चकचकीत कागद त्यांनी पाहिलेही नव्हते. रूढीचा देह सांभाळून तिचा प्राण घालविणे याला धर्म म्हणता येणार नाही. अनंताचे व्रत ज्यांच्या घरी आहे त्यांना माहीत आहे, की प्रथम कलशातील यमुनेची पूजा होते आणि मग अनंताची. नदीचा मान आधी, मग देवाचा. हा क्रम ज्यांनी घातला त्यांना आमची पिशवी मान्य झाली असती काय?

म्हणून मंडळाने असे ठरविले आहे. मंदिराच्या आवारात पारिजातकाशेजारी एक खड्डा खणला आहे. यापुढे मंदिरातील व घरोघरचे निर्माल्य त्यातच पडेल आणि त्याचे खत तेथील फुलझाडांना घातले जाईल. म्हणजे देवाला वाहिलेले फूल पुन्हा फूल होऊन देवाकडेच येईल. निर्माल्य आणताना ते कागदात किंवा कापडी पिशवीत आणावे. फुलांतील दोरे, तारा व चकचकीत कागद घरीच वेगळे काढावेत. ज्या बाळगोपाळांना तीर्थ कसे घ्यावे हे आपण शिकविले, त्यांना हेही शिकवावे.

डोंगर चढून जाणे सोपे असते. वाट सुंदर असते, हवा गार असते, मन आपोआप निर्मळ होते. कसोटी लागते ती उतरल्यावर. मुचकुंद गुहेतून बाहेर आला तो तप करावयास निघून गेला. आपणास बदरिकाश्रमास जावयाचे नाही, पुलापर्यंतच जावयाचे आहे आणि तेथे हात आवरावयाचा आहे. मानससरोवर ज्यांना लाभेल ते धन्य होत. ज्यांना लाभणार नाही त्यांच्या दारावरून भगवंतांचे चरणतीर्थ रोज वाहत आहे. ते ओंजळीत घेण्याजोगे पुन्हा कधी होईल हे आमच्या हाती नाही. आपल्या ओंजळीतून त्यात काय पडावे, हे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.

आजींचा तो गडू आज त्यांच्या देवघरात आहे. तो पाहण्यास येणाऱ्या प्रत्येकास त्या विचारतात, "निर्माल्य कुठे टाकलंत?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरी विचारला जावो, आणि त्याचे उत्तर मान वर करून देता येवो, हीच श्रीअनंतपद्मनाभाच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥