शेपूटही मोजायचं असतं

ज्यात कमी आकडा करणारा जिंकतो, असा खेळ आपल्याकडे घरोघर रुजणं कठीणच होतं. आपली सारी हयात बेरजेत जाते. परीक्षेत मार्क जास्त हवेत, लग्नात पाहुणे जास्त हवेत, क्रिकेटात धावा जास्त हव्यात. विजय हजारे सांगलीचे. 1948 साली ॲडलेडच्या कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. 'हजाऱ्यांनी किती कमी धावा काढल्या हो!' असं कौतुक कुणी केल्याचं ऐकिवात नाही. गोल्फमध्ये मात्र नेमकं हेच कौतुक असतं. चेंडू भोकात घालायला जितके कमी टोले, तितका माणूस थोर. इतका काटकसरी खेळ साहेबलोकांनी कसा शोधला कोण जाणे. तो खरा आम्हा मध्यमवर्गीयांचा हक्क!

आमच्या घरात हा खेळ साडूंच्या पायांनी आला. अण्णा राहतात सांगलीला, मुलगा पुण्याला. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना गोल्फला नेलं आणि अण्णा त्या हिरवळीवरून परत असे आलेच नाहीत. महिन्यातून एकदा पुण्याला जायचं, खेळायचं आणि परतताना साताऱ्यात आमच्याकडे चहाला थांबायचं, हा त्यांचा नेम.

"ब्याण्णव!" मागे एकदा त्यांनी चपला काढता काढताच जाहीर केलं. "गेल्या खेपेला शंभर होते."

"आठ कमी झाले?" सौ.चा चेहरा उतरला. "प्रकृती बरी आहे ना भावजी?"

कंदी पेढ्याने वातावरण सावरलं. दुसऱ्या पेढ्याला अण्णा मोकळे झाले. "म्हणजे झाडीतले टोले मी धरत नाही. तो काय खेळ म्हणायचा? चेंडू नुसता बाहेर काढायचा. आणि भोकापाशी हातभर राहिला की तोही सोडतो. जाणारच असतो हो तो!"

आता प्रश्न असा, की यात कुणाचं काय बिघडलं? पैज नाही, बक्षीस नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब पैशापर्यंत जुळवलेल्या माणसाने म्हातारपणी स्वतःला दहा-बारा टोल्यांची सूट दिली, तर त्याला खोटं म्हणायचं का? शाळेत शिकवलेलं सगळं खोटं दुसऱ्याला फसवण्याबद्दलचं होतं. स्वतःला फसवण्याचा धडा पुस्तकातच नव्हता.

मी जरा या खेळाचं गणित पाहिलं. अठरा भोकं, आणि उत्तम खेळाडूने ती साधारण 72 टोल्यांत संपवावीत अशी अपेक्षा. त्यातले प्रत्येक भोकाला दोन, म्हणजे 36 टोले भोकाजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर चेंडू ढकलण्यासाठी धरलेले असतात. याला पटिंग म्हणतात. म्हणजे निम्मा खेळ तिथेच! अडीचशे यार्डांचा सणसणीत फटका एक आणि वीतभर ढकललेला चेंडूही एकच. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, असं आपण सहज म्हणतो. इथे शेपटाचं वजन हत्तीइतकंच. हौशी माणूस मात्र सारा वेळ हत्तीवरच घालवतो.

तेव्हा आकडा खाली आणायचा तर उपाय साधे आहेत. लांबून ढकललेला चेंडू निदान भोकाच्या कुशीत जाऊन थांबावा एवढा हात बसवायचा. भोक असतं सव्वाचार इंचांचं. दर वेळी थेट आत जाण्याचा हट्ट धरायचा नाही. झाडीत अडकलं तर फांद्यांच्या फटीतून पराक्रम न करता, मुकाट्याने आडवा टोला मारून मोकळ्यावर यायचं. हे वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं, की अण्णा जे टोले मोजत नव्हते, त्यांचा खेळ बरोबर तिथेच गळत होता. मोजलंच नाही तर भोक बुजवणार कुठलं?

बॉबी जोन्स हा अमेरिकेतला थोर हौशी खेळाडू. 1925 च्या यू.एस. ओपनमध्ये मारण्याआधीच आपला चेंडू किंचित हलला, असं त्याने आपण होऊन सांगितलं. दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःवर एक टोला दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि फेरलढतीत तो हरला. लोक स्तुती करू लागले, तर तो म्हणाला, बँक लुटली नाही म्हणून का कुणाचं कौतुक करतात? खेळाचा नियमही मजेशीर आहे. स्पर्धेत एखाद्या भोकाचे टोले जास्त लिहून सही केलीत, तर तो जास्तीचा आकडा तुमच्या माथी; कमी लिहून सही केलीत, तर सहसा थेट बाद. 1968 च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे विसेंझोच्या कार्डावर जोडीदाराने तीनाच्या जागी चार लिहिले. याने न बघता सही केली आणि त्या एका टोल्यापायी फेरलढतीची संधी गेली.

पण अण्णांना अमेरिका सांगून उपयोग नव्हता. सांगलीकराला सांगलीच सांगावी लागते.

"अण्णा," मी म्हटलं, "आयर्विन पुलावर पाण्याचे फूट मोजतात, त्यात वरचे दोन-चार सोडून देतात का हो?"

अण्णांचा पेढा हातातच राहिला. 1929 सालचा तो पूल म्हणजे सांगलीकरांचा पंचांग. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019 च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा अण्णा फोनवर तासातासाला आकडा सांगत होते, आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवूनच त्यांनी तांदळाचे डबे नि देव वरच्या मजल्यावर नेले होते. कुणी दया येऊन चार फूट कमी सांगितले असते, तर देव भिजले असते.

"तो पूर आहे, हा खेळ आहे," अण्णा पुटपुटले. पण पेढा न संपवताच उठले.

पुढल्या महिन्यात आले ते दारातूनच ओरडत. "एकशे सात! त्यात पटिंगचे त्रेचाळीस! आता घरी सतरंजीवर पेला आडवा ठेवून रोज सराव करतो." त्यांचा चेहरा ब्याण्णवच्या दिवसापेक्षा उजळ होता. का, ते मी विचारलं नाही.

सौ.ने आतून दोन पेढे जास्त आणले. "वाढले ना पंधरा?" ती समाधानाने म्हणाली. "मी म्हटलंच होतं, प्रकृती सुधारेल."