मैत्रीतील देणे आणि घेणे

मित्राला काही देताना मनास आनंद होतो. परंतु त्याच मित्राकडून काही घेण्याची वेळ आली, की मन संकोचते. अडचणीत सापडलेला मनुष्य एक वेळ सावकाराची पायरी चढतो, पण बालमित्राच्या दारी जाण्यास कचरतो. उपकाराचे ओझे होईल, मैत्रीत अंतर पडेल, ही भीती त्यामागे असते. मग मैत्रीत देण्याघेण्याचा हिशेब ठेवावा काय? आपल्या प्राचीन ग्रंथांतील दोन कथा या प्रश्नावर प्रकाश टाकतात.

पहिली कथा महाभारताच्या आदिपर्वातील आहे. द्रोण आणि द्रुपद बालपणी एकत्र खेळले, एकत्र शिकले. पुढे द्रुपद पांचाल देशाचा राजा झाला आणि द्रोणांच्या वाट्याला दारिद्र्य आले. मैत्रीची आठवण ठेवून ते राजसभेत गेले, तेव्हा राजा आणि दरिद्री यांची मैत्री संभवत नाही, असे द्रुपदाने त्यांना सुनावले. द्रोणांनी हे शब्द मनात ठेवले. शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून त्यांनी द्रुपदास बंदी करवून आणले, गंगेच्या उत्तरेकडील अर्धे राज्य स्वतःकडे ठेवले आणि दक्षिणेकडील अर्धे त्यास परत दिले. आता दोघे समान झाले! हिशेब चोख झाला, परंतु मैत्री उरली नाही. द्रुपदाने यज्ञ करून द्रोणांचा वध करणारा पुत्र मागितला आणि त्याच धृष्टद्युम्नाच्या हातून कुरुक्षेत्रावर द्रोणांचा अंत झाला.

दुसरी कथा श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, ८० व ८१ या अध्यायांत येते. सांदीपनींच्या आश्रमातील श्रीकृष्णाचा सहाध्यायी, ज्याला आपण सुदामा म्हणून ओळखतो, तो पत्नीच्या आग्रहावरून द्वारकेस निघाला. घरात नेण्याजोगे काही नव्हते. पत्नीने शेजारून चार मुठी पोहे मागून आणले आणि फाटक्या वस्त्रात बांधून दिले. श्रीकृष्णाने मित्राचे पाय धुतले, त्यास आपल्या पलंगावर बसविले आणि घरून माझ्यासाठी काय आणलेस, असे विचारले. लाजेने सुदाम्याने मान खाली घातली. श्रीकृष्णाने ती पुरचुंडी स्वतः ओढून घेतली आणि एक मूठ पोहे आवडीने खाल्ले.

येथे थोडे थांबून विचार करावा. ज्याच्यापाशी सर्व काही होते, त्याने प्रथम मागितले. दरिद्री मित्राला त्याने आधी दात्याचे स्थान दिले आणि मगच स्वतः दाता झाला. तेही समोरासमोर नव्हे. सुदामा रिक्तहस्ते परतला, तरी त्याच्या मनात रोष नव्हता. धनाने उन्मत्त होऊन देवास विसरू नये, म्हणूनच त्याने काही दिले नसावे, असे तो वाटेने म्हणत होता. घरी पोहोचल्यावर झोपडीच्या जागी वैभव उभे होते. मित्राला आभार मानण्याचाही संकोच पडू नये, इतके ते देणे मूक होते.

संकटात मित्रास पैसे देणारे पुष्कळ असतात. पण चारचौघांत त्याचा उल्लेख झाला, की मित्राची मान खाली जाते. कित्येक जण आयुष्यभर देतात, परंतु कोणाकडून कधीच काही घेत नाहीत. त्यात औदार्य असते, तसा सूक्ष्म अहंकारही असू शकतो. कारण ज्याचे काहीच स्वीकारले जात नाही, तो मित्र हळूहळू आश्रित होतो. त्याच्या घरचा साधा चहा, त्याचा सल्ला, आजारपणात उशाशी बसण्याची त्याची इच्छा, हेही मनापासून घ्यावयाचे असते.

देवापुढे नारळ वाढविला, की त्यातील अर्धी वाटी प्रसाद म्हणून भक्ताच्याच हाती परत येते. कोणी किती दिले आणि कोणाला किती मिळाले, हे तेथे कोणी मोजत नाही. मैत्रीतही असेच असावे. देताना हात दिसू नये आणि घेताना मान झुकू नये, हीच खऱ्या मैत्रीची खूण होय.