सेवेचे संचलन आणि सेवेकऱ्याचा मान



तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाजाची मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात. मग मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी आणि इंदापूर. या टापूत आपल्या पायांना किती हात लागतात, ते आपण जाणताच. कुणी तळपायाच्या फोडांना मलम लावून पट्टी बांधतो, कुणी पोटऱ्यांना तेल चोळतो, कुणी पहाटे पाण्याचा टँकर घेऊन उभा असतो. आणि त्या पट्टी बांधणाऱ्याच्या डोक्यावर एक मोठा फ्लेक्स असतो. त्यावर बरेच चेहरे असतात, पट्टी बांधणाऱ्याचा मात्र नसतो.

असे दिसले की आपण चटकन म्हणतो, सेवा या हाताची त्या हाताला कळू नये, गाजावाजा कशाला? मला हे उत्तर अपुरे वाटते. आपली वारी तरी कुठे गुपचूप चालते? टाळ, मृदंग, पताका, चोपदार, क्रमांक लावलेल्या दिंड्या. हे सगळे उघड्यावर, दिमाखात चालते. ते पाहूनच कितीतरी माणसे पहिल्यांदा वाटेला लागली. तेव्हा प्रश्न गाजावाजाचा नाही. तो कशासाठी आहे आणि त्यात कोण कुठे उभे आहे, याचा आहे. युद्धाच्या काळात हा प्रश्न सगळ्यांत टोकदार होतो, म्हणून तिकडचे पाहू.

आपल्या पंढरीच्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. तिथल्या जखमींसाठी डॉक्टर पाठवा, अशी विनंती आली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या जुलैत देशभर ‘चीन दिन’ पाळला गेला, सभा झाल्या आणि २२,००० रुपयांचा निधी उभा राहिला. सप्टेंबरात पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर ही दोन आपली माणसे. आता सांगा, त्या सभा म्हणजे नुसता देखावा होता का? सभा नसत्या तर निधी नसता, निधी नसता तर बोट नसती. ज्याने चार आणे दिले, त्यालाही त्या डॉक्टरांच्या कामात वाटा मिळाला. अशा समारंभाला मी नाव ठेवणार नाही.

पण पुढचे पाहा. १९४० च्या एका लढाईत कोटणिसांनी झोप न घेता ७२ तासांपर्यंत शस्त्रक्रिया केल्या. वडील गेल्याची बातमी परदेशातच कळली, तरी ते परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच वारले. आज चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे, सोलापुरात स्मारक आहे. हे सगळे योग्यच. मात्र निरोपाची सभा आणि पुतळा यांच्या मधली चार वर्षे, म्हणजे खरी सेवा, कुणी टाळ्या वाजवाव्यात अशी नव्हती. तिथे रक्त होते, थंडी होती आणि पुढचा जखमी होता.

समारंभ खोटा पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. बोअर युद्धात १८९९ साली गांधीजींनी हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभारले. सुमारे १,१०० माणसे होती, त्यांतले जवळपास ८०० गिरमिटिया मजूर. स्ट्रेचरवर जखमी घेऊन ही माणसे एकेका दिवशी वीस-पंचवीस मैल चालली. आपण चालणारे लोक आहोत, खांद्यावर माणूस घेऊन एवढे चालणे म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. त्याबद्दल सरकारने पदके दिली. किती? ३७, आणि ती पथकाच्या पुढाऱ्यांना. १९२० साली गांधीजींनी आपली पदके परत केली, ती वेगळ्या कारणाने. पण ज्यांना पदक मिळालेच नाही, त्यांनी परत तरी काय करायचे?

हे जुने झाले म्हणाल, तर २०२० आठवा. त्या वर्षी तुकोबांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीला गेल्या आणि आपली वाट सुनी राहिली. साथीला आपण युद्ध म्हणू लागलो, सेवेकऱ्यांना योद्धे. ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले उधळली गेली, सैन्याचे बँड वाजले. गावोगावी आशाताईंना ओवाळले, शाल-श्रीफळ दिले. त्यात भाव नव्हता असे मी म्हणणार नाही. पण पुढच्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, आपल्या राज्यातल्या जवळपास ७०,००० आशाताईंना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. फुलांनी हिशेब मिटला असे आपण धरून चाललो होतो. मान हा मजुरीच्या जागी दिला, की तो मान राहत नाही. मग ती चतुराई होते.

दामाजीपंतांची कथा इथे मला नव्याने वाचावीशी वाटते. मंगळवेढ्याला दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांसाठी उघडले. परंपरा सांगते की पांडुरंग विठू महार होऊन बिदरच्या दरबारात गेला, धान्याची रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला. पावती घेतली, हे लक्षात घ्या. व्यवहार चोख केला. सत्काराला मात्र थांबला नाही. आपण नेमके उलटे करतो. सत्कार करतो आणि पावतीचे राहून जाते.

युद्धाच्या संचलनात आणखी एक अडचण असते. स्ट्रेचरवाला बंदूकवाल्याच्याच पावलावर पाऊल टाकून चालतो आणि पाहणाऱ्याला दोघे एकच वाटू लागतात. पण स्ट्रेचरवाल्याचे काम शत्रूच्या जखमेशीही आहे. पंगतीत आपण जात विचारत नाही, तशी त्याने वर्दी विचारायची नाही. ही गोष्ट ढोलताशात ऐकू येत नाही; ती शिकवावी लागते. १९४६ च्या डिसेंबरात मुंबई प्रांतात होमगार्ड सुरू झाले तेही दंग्यांच्या काळात. आज तेच होमगार्ड वारीच्या बंदोबस्ताला उभे असतात आणि संचलनातही चालतात. दोन्ही ठिकाणी माणूस तोच. एका ठिकाणी तो मंचावरच्या पाहुण्याला मानवंदना देतो, दुसऱ्या ठिकाणी एखादी म्हातारी त्याच्याच पायांवर डोके ठेवते आणि तो गोंधळून जातो.

माऊली, आपल्या रिंगणात मानवंदना घेणारा कुणी नसतो. पताकावाले धावतात, तुळशी घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात. अश्व धावला की त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. (अलीकडे कडेला मंच उभे राहू लागले आहेत, त्यांना मी रिंगणाचा भाग धरत नाही.) काटेवाडीचे परीट बांधव मान देतात तो आपल्या कष्टाच्या वस्तूने, स्वतः वाकून. मान देणाऱ्याला तिथे काहीतरी करावे लागते.

म्हणून इंदापुरात पुढच्या वेळी शाल द्यायची असेल तर जरूर द्या. पण पालखी सराटीकडे निघाली की मागे मैदानावर पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, चिखल उरतो आणि तो उचलणारी माणसे झाडू घेऊन येतात. त्यांच्या हातांत मोजे आहेत का, आजचा रोज मिळाला का, एवढे दिंडीतल्या एकाने थांबून विचारायला पाच मिनिटे पुरतात. अर्धा तास थांबून चार पाट्या भरू लागलात तरी चालेल. पालखी नीरेच्या दिशेने थोडी पुढे गेलेली असेल. पाय उचलला की गाठता येते.