काहूनचं काहूर

मे महिन्यातली नागपूरची दुपार. बाहेर ४५ अंश, रस्ते ओस; आत पडदे ओढलेले आणि मन मोकाट. उदासीला याहून सोयीची वेळ नाही.

उदास माणूस विचार करत नाही, उगाळतो. ‘माझ्याच वाट्याला काहून?’ हा दिसायला प्रश्न आहे. उत्तर मिळालं तरी तो थांबणार नसतो.

टाकीतलं पाणी संपलं तरी कूलर चालूच राहतो. आवाज तोच, वारा तेवढा गरम. उगाळणंही तसंच.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होएक्सेमा आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग. काही उदास माणसांना ८ मिनिटं स्वतःच्या मनःस्थितीचाच विचार करायला लावला; ती आणखी खचली. इतरांना आकाशात जमणारे ढग, मोनालिसाचा चेहरा असं काहीबाही डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. त्यांची उदासी हलकी झाली. ८ मिनिटं! तर्री-पोह्याची प्लेट संपते तेवढ्यात. जी माणसं मुळात उदास नव्हती, त्यांचं मात्र स्वतःविषयीच्या विचाराने काही बिघडलं नाही. आत्मपरीक्षण बऱ्या दिवसांत करावं.

मन रमवण्याला गंभीर माणसं पळपुटेपणा म्हणतात. म्हणोत.

पण मोबाइलवर अंगठा सरकवणं म्हणजे मन रमवणं नव्हे. अंगठा पुढे जातो, डोक्यात जुनं भांडण तिथंच. कुरडयांचा चीक शिजवताना हात थांबला की गुठळी होते. लक्ष द्यावंच लागतं. असं काम हवं.

त्यानं प्रश्न सुटत नाही. ‘काहून’ बाजूला ठेवून ‘उद्या कोणाला फोन करू?’ एवढं विचारण्याचं बळ येतं. आठवडे उलटूनही मळभ हटत नसेल, तर तो फोन डॉक्टरांना करावा.

मग दुःखावरच लिहिणारे कवी ग्रेस? ते इथलेच. १९६७ मध्ये ‘संध्याकाळच्या कविता’ आल्या. दुःखाची संगत पुढेही सुटली नाही. पण उगाळणारा रोज तेच वाक्य म्हणतो. कवीला कालची ओळ आज चालत नाही. नवी शोधताना लक्ष दुःखावरून शब्दावर सरकतं.

म्हणून सगळ्यांनीच कविता लिहाव्यात असं नाही. नागपुरात त्या तशाही पुष्कळ लिहिल्या जातात.