वायर गेली, रेडिओ गेला

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली १९५९ साली. नोकरीनिमित्त विदर्भातून इथे आलेल्या मराठी घरांत, सेक्टरमधल्या क्वार्टरच्या खिडकीत, ट्रान्झिस्टर असायचाच. पहिल्या पाळीचा डबा भरता भरता बातम्या कानावर पडायच्या.

पुढे रेडिओ मोबाइलमध्ये आला. पण एफएमच्या लहरी पकडायला तार लागते, आणि फोनमध्ये ते काम इअरफोनची वायरच करायची. म्हणून तर वायर न खोचता रेडिओ लावला, की फोन 'आधी इअरफोन जोडा' म्हणत अडून बसायचा! २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ मधून इअरफोन खोचायची गोल खाच काढली. मागोमाग इतरही अनेक कंपन्यांनी. खिशातला गुंता गेला. सुख आहे, नाही कोण म्हणतं? पण त्या गुंत्याबरोबर अँटेनाही गेला. अ‍ॅपवर रेडिओ ऐकू येतो, मात्र त्याला इंटरनेट लागतं, आणि वादळवाऱ्यात टॉवर बंद पडला की तेही जातं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन कंपन्यांना सुचवलं, की एफएमची सोय बंद ठेवू नका. त्यामागे आपत्तीच्या काळाचाही विचार होता.

दुकानात आपण कॅमेरा विचारतो, बॅटरी विचारतो, हप्ता किती बसेल तेही विचारतो. एफएम आहे का, हे मी स्वतःही कधी विचारलं नाही. आणि बोलतोय रेडिओवरून!