नादाआधीची खरखर

नवे व्हायोलिन घरी येते. गजाचा स्क्रू फिरवून केस ताणले जातात, गज तारेवर ओढला जातो आणि आवाजच निघत नाही. निघालीच तर एक क्षीण फुसफुस. शिकणाऱ्याला वाटते, वाद्य खराब आहे किंवा संगीत आपल्या नशिबी नाही. बहुधा दोन्ही खोटे असते. गजाचे घोड्याचे केस कोरे असतात. त्यांना अजून राळ लागलेली नसते.

राळ म्हणजे पाइनच्या झाडाचा चीक तापवून त्यातले टर्पेंटाइन काढून घेतल्यावर उरलेला घट्ट ठोकळा. ती चोळली की केस तारेला पकडतात, ओढतात. तार निसटते, पुन्हा पकडली जाते. पाश्चात्त्य पद्धतीने जुळवलेल्या ‘ए’ तारेवर हा झगडा सेकंदाला सुमारे 440 वेळा घडतो. नाद गुळगुळीतपणातून नव्हे, घर्षणातून जन्मतो. आणि राळ लावल्यावर प्रथम ऐकू येते ती खरखरच. दाब जास्त झाला तर करकर, कमी झाला तर फुसफुस. दाब, वेग आणि घोडीपासूनचे अंतर यांचा मेळ हाताला कळायला महिने जातात.

आमचा प्रश्न या महिन्यांविषयी आहे. ही खरखर सोसायची कोणी?

आपण मराठी मुसलमान संगीताच्या वारशाचा अभिमान बाळगतो. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ, स्वतः व्हायोलिनही वाजवणारे आणि व्ही. जी. जोग यांना तालीम देणारे अल्लाउद्दीन खाँ, ही नावे घेताना आपली मान ताठ होते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे तिथल्या शिकलगार घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे. पण मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीने व्हायोलिन हाती घेतले की विचारणा सुरू होते: हे जायज आहे का? लग्नानंतर याचा उपयोग काय? उस्तादांचा पक्का सूर आपल्याला हवा असतो. त्याच्या आधीची खरखर आपल्या घरात नको असते.

धर्माचा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. वाद्यांविषयी उलेमांमध्ये मतभेद जुना आहे. संगीतावर मोठा ग्रंथ लिहिणारा फाराबी (मृत्यू 950) आपलाच, आणि तारवाद्ये वर्ज्य मानणारे इमाम गझाली (मृत्यू 1111) हेही आपलेच. मात्र गझालींनी दिलेले कारण पाहावे. ही वाद्ये शराबी मैफलींची खूण झाली होती म्हणून ती वर्ज्य. केवळ नाद गोड लागतो म्हणून नव्हे. जो आजही मनापासून वाद्य वर्ज्य मानतो, त्याची भूमिका आम्हाला मान्य नसली तरी प्रामाणिक आहे. गोंधळ आहे तो जलशात टाळ्या वाजवून घरी दार लावून घेणाऱ्यांचा.

शेजाऱ्याचा हक्क आपल्याकडे मोठा मानला आहे, म्हणून शिकणाऱ्यावरही बंधन येते. अजानच्या वेळी, परीक्षेच्या दिवसांत, कोणी आजारी असताना गज खाली ठेवावा. घोडीवर म्यूट बसवून आवाज दबवावा. पण शेजारधर्म एकतर्फी नसतो. रोज अर्धा तास ऐकून घेणे हाही त्याचाच भाग आहे.

सब्र हा शब्द आपण मय्यतीसाठी आणि दारिद्र्यासाठी राखून ठेवला आहे. दुसऱ्याच्या कच्चेपणासाठी तो क्वचितच वापरतो. मग मुलीची पहिली कविता असो, मुलाचे पहिले मराठी भाषण असो की व्हायोलिनची पहिली तार, ती ओबडधोबड वाजते आणि आपण हसतो. हसण्याच्या भीतीने किती हात मागे सरले, याची नोंद कोणत्याही इतिहासात सापडणार नाही. उस्ताद होणे सर्वांच्या नशिबी नसते, पण बेसूर सुरुवात करण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. तो शिकणाऱ्याला स्वतःला घेता येत नाही. भोवतालच्या माणसांनी तो द्यावा लागतो.